कुठल्या गाडीचा ब्रेक?

"कुठल्या गाडीचं हवंय?"

"आरएक्स हंड्रेड."

दुकानातल्या मुलाने मागच्या फळीवरून एक खोकं काढलं आणि दोन अर्धचंद्रासारखे लायनर माझ्यासमोर ठेवले. मी म्हटलं, "हे नव्हे रे. पुढच्या डिस्क ब्रेकचं किट हवंय, रबरांचं." त्याने आधी माझ्याकडे बघितलं, मग माझ्या हातातल्या पिशवीकडे, आणि अगदी समजुतीच्या सुरात म्हणाला, "आजी, आरएक्सला डिस्क नसते."

मुलगा बरोबर होता. यामाहाची आरएक्स हंड्रेड आपल्याकडे १९८५ पासून १९९६ पर्यंत निघाली. पुढे ड्रम, मागे ड्रम. डिस्क तिला कधी नव्हतीच. पण आमच्या पडवीत जी उभी आहे तिला आहे. आता हे त्याला काउंटरवर उभं राहून कसं सांगायचं? मी मुकाट्याने घरी आले.

शाळेत मी छत्तीस वर्षं मराठी आणि इतिहास शिकवला. सायकलची चेन पडली तर बसवता येते, यापलीकडे यंत्रांशी माझा संबंध नाही. तरी गेले सहा महिने मी एका ब्रेकच्या मागे आहे, आणि त्या निमित्ताने जे कळलं ते लिहून ठेवावंसं वाटलं. ज्यांच्या घरी अशी कुणी गेलेल्या माणसाने 'सुधारून' ठेवलेली गाडी असेल, त्यांना उपयोगी पडेल कदाचित.

गाडी आमच्या ह्यांची. हे पोस्टात होते. १९९४ ची आरएक्स ह्यांनी १९९८ साली सेकंडहँड घेतली, आणि राजापूर तालुक्यातला एकही कच्चा रस्ता त्यांनी तिला दाखवायचा ठेवला नसेल. मागे बहुतेक वेळा मी असायचे. २००३ च्या श्रावणात आम्ही कोल्हापूरहून, लेकीकडून, करूळ घाटाने परत येत होतो. गगनबावड्यालाच पाऊस लागला. ज्यांनी टू-स्ट्रोक गाडी चालवली आहे त्यांना ठाऊक असेल, उतारावर तिचं इंजिन फारसं धरून ठेवत नाही, सगळा भार ब्रेकवर. आणि ड्रममध्ये पाणी शिरलं की लायनर ओल्या साबणासारखे घसरतात. एका वळणावर समोरून ट्रक आला, ह्यांनी ब्रेक दाबला आणि गाडी तशीच पुढे निघाली. ह्यांनी ती डोंगराच्या बाजूच्या गटारात घातली म्हणून आज हे लिहिते आहे. ह्यांना खरचटलंसुद्धा नाही. माझं उजवं मनगट मोडलं.

त्यावर आमच्यात बोलणं असं काही झालं नाही. दोन-तीन महिने दाराशी गाडीचा आवाज आला की मी स्वयंपाकघरातून बाहेर यायची नाही, इतकंच. २००४ च्या संक्रांतीच्या सुमाराला हे एकटेच कोल्हापूरला गेले ते तिसऱ्या दिवशी आले. गाडीचं पुढचं सगळं बदललेलं! चाक वेगळं, दांडे वेगळे आणि चाकाला ती भोकाभोकांची चकचकीत थाळी. "आता पावसातसुद्धा लागेल," एवढंच म्हणाले. पुढे दहा वर्षं आम्ही त्या गाडीवर फिरलो. २०१४ नंतर त्यांना ती झेपेना, २०१६ साली ते गेले आणि गाडीवर ताडपत्री पडली.

गेल्या दिवाळीत नातू आला. लेकीचा मुलगा, कोल्हापुरातच इंजिनिअरिंगला आहे. त्याने ताडपत्री काढली आणि हरखून गेला. आजच्या पोरांत या जुन्या आरएक्सचं काय वेड आहे ते मला तेव्हा कळलं. "आजी, मला दे ना ही." मी म्हटलं, "दिली. पण आधी ब्रेक. तो झाल्याशिवाय इंजिनाला हात लावायचा नाही."

पुढचा दांडा दाबला तर तो लोण्यात बोट जावं तसा थेट मुठीला येऊन टेकायचा. आणि चाक हाताने फिरवायला गेलं तर अडकलेलं. म्हणजे धरायचं तेव्हा धरत नाही आणि सोडायचं तेव्हा सोडत नाही. वरच्या डबीचं झाकण काढलं तर आत ब्रेक ऑईल आमसुलाच्या सारासारखं काळपट लाल. हे ऑईल, म्हणायला ऑईल, पण तेल नव्हेच. ते हवेतला ओलावा शोषून घेतं. डबीवर 'डॉट ३' असं लिहिलेलं असतं त्या नव्या ऑईलला उकळायला निदान २०५ अंश लागतात. पाणी मुरलं की हाच आकडा १४० पर्यंत उतरू शकतो. लांब उतारावर ब्रेक तापून ते उकळलं की आत वाफेचे बुडबुडे होतात, बुडबुडे दाबले जातात आणि ब्रेक तसाच राहतो. म्हणून दर दोन वर्षांनी ते बदलायचं असतं. कोकणातल्या आपल्या हवेत तर नक्कीच. आमच्याकडे ते बारा-तेरा वर्षं बदललेलं नव्हतं.

तर दुकानातून मी लायनर न घेता परत आले, ते नातवाला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "सोपं आहे. थाळी किती मोठी आहे ते मोज." मी टेपने मोजली, २४० मिलिमीटर. "मग पल्सरचीच." त्याने तिथून किट मागवलं. आठ दिवसांनी आलं, रविवारी तो आला, कॅलिपर उघडला, आणि रबरं खाचेत बसेनात. मोठी होत होती. बोटाने रेटून बसवायच्या बेतात होता, तेवढ्यात मी म्हटलं, "थांब. हे आपल्या अकलेचं काम नाही."

हायवेच्या बाजूला ज्याचं गॅरेज आहे तो माझा जुना विद्यार्थी. इतिहासात कायम काठावर. गाडी टेम्पोत घालून त्याच्याकडे नेली. त्याने रबर बघितलं, खाच बघितली आणि नातवाला विचारलं, "पल्सरचं कशावरून म्हणालास?" "थाळी २४०." तो हसला. "२४० ची थाळी पल्सरला २००१ मध्ये आली. त्याच्या आधी, १९९९ ला सीबीझेडला आली होती तीसुद्धा २४० चीच. थाळीवरून गाडी ओळखता येत नाही." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "बाई, गाडीचं नाव आता सोडा. आरसी बुकात काय आहे तेही सोडा. हातात काय आहे ते मोजू."

मला जरा लाजल्यासारखं झालं. कारण हेच मी वर्गात जन्मभर सांगत आले. बखरीत काय लिहिलंय त्यावर जाऊ नका, अस्सल कागद बघा, आणि कागद नसेल तर किल्ल्यावर जा आणि तट मोजा. आणि इथे मी दुकानात जाऊन बखर वाचून दाखवत होते.

कागद शोधून पाहिले नाहीत असं नाही. ह्यांना डायऱ्या लिहायची सवय. २००४ ची डायरी सापडली. दुधाचा हिशोब, आंब्याच्या कलमांना खत किती, आणि जानेवारीत एका पानावर 'पुढचे चाक, डिस्क, मजुरी' आणि समोर रक्कम. रक्कम पैशांपर्यंत बरोबर. पण कुठल्या गाडीचं चाक, कुणाकडून, एक अक्षर नाही! पोस्टातला माणूस. पैसा जुळला की नोंद पुरी झाली. त्या रात्री त्यांच्या फोटोकडे बघून मी जे बोलले ते इथे लिहीत नाही.

मग मोजायला बसलो. मेकॅनिककडचा व्हर्नियर पडून वाकडा झालेला. आमच्या शाळेतले विज्ञानाचे सर, माझ्यासारखेच निवृत्त, त्यांच्याकडे स्वतःचा होता. तो घेऊन ते आले आणि उत्साहाने गॅरेजमध्येच ठाण मांडून बसले. कॅलिपरमध्ये दोन पिस्टन निघाले, एक पूर्ण गंजलेला. सरांनी चिमटीत धरून मोजला. "दोन पूर्णांक चोपन्न सेंटिमीटर. अहो बाई, हा तर एक इंच!" मग त्यांनी मलाही मोजायला लावलं. पंच्याहत्तरीला आलेल्या मराठी-इतिहासवाल्या बाईने आयुष्यात पहिल्यांदा व्हर्नियर वाचला आणि तोच आकडा आला. पिस्टनची लांबी घेतली, खाचेची रुंदी घेतली. वरच्या पंपाच्या अंगावर (मास्टर सिलिंडरला गॅरेजमध्ये सगळे 'वरचा पंप' म्हणतात) पुसट आकडा होता, कापडाने घासल्यावर दिसला. १४. सगळं एका कागदावर लिहून काढलं. गाडीच्या नावाची जागा कोरी ठेवली.

तो कागद आणि सुटे भाग बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात घालून मी एसटीने कोल्हापूरला गेले. राजापुरात हे मिळायचं म्हणजे उन्हाळ्याच्या गंगेची वाट बघण्यासारखं. येईल तेव्हा येईल. ओणी, पाचल, अणुस्कुरा घाट, मलकापूर. डबा मांडीवर. कंडक्टरने विचारलं, "बाई, लाडू का?" मी म्हटलं, "ब्रेक." तो पुढे काही बोलला नाही.

कोल्हापुरातल्या दुकानात म्हातारेसे मालक होते. त्यांनी गाडीचं नाव विचारलंच नाही, डबा उघडायला सांगितलं. पिस्टन हातात घेऊन एक ट्रे पुढे ओढला आणि मोजून चार रबरं काढली, प्रत्येक पिस्टनला एक आतलं आणि एक धुळीचं. मला वाटायचं रबर म्हणजे रबर. नळाच्या वायसरसारखं काहीतरी, ऑईल गळू नये म्हणून घातलेलं. त्यांनी आतलं रबर माझ्या तळहातावर ठेवलं. "कडेने हात फिरवा. गोल आहे का?" गोल नव्हतं, चौकोनी कापाचं होतं. ते म्हणाले, ब्रेक दाबला की पिस्टन पुढे जातो, आणि हे रबर त्याला धरून ठेवत स्वतः किंचित पिळलं जातं. दांडा सोडला की रबराचा पीळ सुटतो आणि ते पिस्टनला केसभर मागे ओढतं. पिस्टन मागे आणायला आत दुसरी स्प्रिंग नसते. हे एवढंसं रबरच ते काम करतं. ते कडक झालं किंवा खाचेत गंज धरला की चाक अडकतं. आमचं चाक का फिरत नव्हतं ते असं कळलं. नळवाल्याकडची गोल रिंग त्याच मापाची मिळाली तरी चालत नाही ती याचसाठी. शिवाय ते रबर बहुधा वेगळ्या जातीचं असतं, ब्रेक ऑईलमध्ये फुगतं. आणि ब्रेकचं रबर उलट पेट्रोल, रॉकेल, ग्रीस लागलं की फुगतं. हे सगळं ते उभ्या उभ्या सांगत होते आणि मागे चार गिऱ्हाइकं ताटकळत होती. शिक्षक व्हायला हवा होता हा माणूस.

पिस्टन मात्र त्यांच्याकडे नव्हता. कुणीतरी सुचवलं, उद्यमनगरात लेथवर काढून घ्या, तिथे काय वाटेल ते करून मिळतं. मालक म्हणाले, "मिळतं. पण हा केसाच्या जाडीचा खेळ आहे, आणि वर तसा गुळगुळीत मुलामा पाहिजे. तयार मिळत असेल तर तयारच घ्या." तो शेवटी पुण्याहून, नाना पेठेतून कुरिअरने आला. दोन्ही नवे घेतले.

आता खरी अडचण. मालकांनी वरचा पंप हातात घेतला, १४ आकडा बघितला आणि भुवया उंचावल्या. "हा या कॅलिपरचा नव्हे. याच्यावर अर्ध्या इंचाचा पंप लागतो. कुणी बसवला हा?"

मी म्हटलं, "आमच्या यजमानांनी."

ते अवघडले. म्हणाले, "तसं काही बिघडत नाही. चालेल. १४ चं किटपण आहे माझ्याकडे. देऊ?" मी दोन्ही घेतली, १४ चं किट आणि अर्ध्या इंचाचा नवा पंप, आणि परत आले.

संध्याकाळी सर आले तेव्हा त्यांना विचारलं. त्यांनी पास्कलचा नियम काढला. बंद भांड्यातल्या द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखा पोचतो. (हा पास्कल १६६२ साली वारला. त्याच्या आदल्याच वर्षी महाराजांनी आमच्या राजापूरची इंग्रजांची वखार लुटली होती. मला आपलं असंच लक्षात राहतं.) म्हणजे हिशोब नुसता क्षेत्रफळांचा. खाली एक इंचाचा पिस्टन, वर अर्ध्या इंचाचा. व्यास दुप्पट म्हणजे क्षेत्रफळ चौपट, आणि खाली पिस्टन दोन. चार दुणे आठ. पंपावर एक किलोचा जोर दिला तर खाली आठ किलोचा मिळतो. वर १४ मिलिमीटरचा पंप असेल तर? मीच वहीत केलं, उत्तर साडेसहाच्या जरासं वर आलं. तेवढाच ब्रेक लागायला हाताने एकवीस टक्के जास्त जोर लावायचा. दांडा मात्र घट्ट लागतो, कमी हलतो आणि भक्कम वाटतो.

तेव्हा एक गोष्ट आठवली. घाट उतरून खाली आलो की हे गाडी बाजूला घेत, विडीकाडी काही नाही, नुसता उजवा हात झटकत उभे राहत. बोटं उघडायची, मिटायची. मी समजायची, दमले. दहा वर्षांत एकदाही विचारलं नाही की डावा का नाही झटकत.

तो जुना पंप ठेवायचा की काढायचा? त्याच्या दांड्याचा काळा रंग चार बोटांच्या जागी उडून आतली पांढरी धातू दिसते. ती ह्यांची बोटं. किटपण हातात होतं, शंभर-दीडशे रुपयांत पंप नवा झाला असता आणि गाडी ह्यांनी केली तशीच्या तशी राहिली असती. नातू म्हणाला, "आजोबांचा आहे तो ठेवूया." त्याचा हात विशीतला, त्याला काय. मी दोन दिवस ठरवलं नाही. मेकॅनिकनेही घाई केली नाही. तिसऱ्या दिवशी मीच गेले आणि म्हटलं, "नवा लाव. त्यांनी पावसात लागावा म्हणून बसवला होता. तो नीट लागू दे."

नुसत्या पंपाने भागलं नाही. वीस वर्षांचा रबरी पाईप दुमडल्यावर तडे दाखवू लागला, तो बदलला. तांब्याचे वायसर नवे. पुढचा टायर नवा, कारण चांगला ब्रेक आणि लाकूड झालेला टायर एकत्र आले की चाक जागच्या जागी अडकून गाडी घसरते. नातवाने रबरं सवयीने पेट्रोलच्या डबड्यात बुडवायला घेतली तेव्हा मेकॅनिकने त्याच्या हातावर चापट मारली. मला फार बरं वाटलं! नवी रबरं नव्या ब्रेक ऑईलमध्येच भिजवून बसवायची असतात.

शेवटी हवा काढायची. कॅलिपरच्या निपलला पारदर्शक नळी, नळीचं टोक बाटलीतल्या ऑईलमध्ये. एकाने वर दांडा दाबायचा, दुसऱ्याने खाली निपल क्षणभर उघडायचं. पोरं खाली वाकलेली, तेव्हा दाबायचं काम माझ्याकडे आलं. गॅरेजच्या स्टुलावर बसून, उजव्या हाताने. "दाबा बाई... धरा... सोडा." पुन्हा. नळीतून आधी पांढरा फेस, मग मोठे बुडबुडे, मग मोहरीएवढे. वरची डबी रिकामी होऊ द्यायची नाही, नाहीतर पहिल्यापासून सगळं. अर्धा तास गेला. दांडा पहिल्यांदा पोकळ लागत होता, मग हळूहळू त्याच्यात जीव आला. आणि हे मोडलेलं, पावसाळ्यात ठणकणारं मनगट, त्याने तो दांडा सहज धरला. मी जुन्या पंपाबरोबर ताडून बघितलं असतं, पण तो तेव्हा डब्यात गेला होता.

कायद्याचंही सांगायला हवं. कंपनीने दिलेल्या गाडीत असे बदल करायला मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्यावर स्पष्ट सांगितलं आहे. २००४ मध्ये ह्यांनी कुणाला विचारलं नव्हतं. शिवाय पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी करायची नोंदणी २०१९ पासून राहून गेली आहे. नातवाला सांगितलंय, आधी रत्नागिरीला आरटीओत जा, आहे ते खरं सांग, ते काय म्हणतात ते ऐक. त्यांनी ड्रम लावा म्हटलं तर ड्रम लावावा लागेल. तोवर गाडी आमच्या आगरातच. फाटकापासून विहिरीपर्यंत उतार आहे, तिथे तो रोज चारदा वरून येतो आणि विहिरीच्या अलीकडे थांबतो. मी पायरीवर बसून बघते. पहिल्या दिवशी उठून उभी राहिले होते, आता भाजी निवडते.

मागचा ब्रेक अजून व्हायचाय. तो ह्यांनी बदललेला नव्हता, कंपनीचा ड्रमच आहे. म्हणजे उद्या त्याच दुकानात जायचं आणि त्या मुलाला नुसतं 'आरएक्स हंड्रेड' म्हणायचं.